भिंतीतली नळी

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९१३

तारीख धोंडुबाईनं घातली. माझ्या लेखी काल पेठ वडगावचा बाजार झाला आणि आज आम्ही कोल्हापुरात आलो, एवढं पुरे आहे. मला अक्षर येत नाही. बोलते मी, लिहिते ही. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते, 'न्हाय' म्हटलं की 'नाही'. म्हटलं, पोरी, माझं बोलणं धू, पिळ, दोरीवर वाळत घाल, पण उसवू नकोस. हसली. बरी वाटते.

मी लालबी. शिकलगाराची सून आणि शिकलगाराची आई. आमच्या घरात एके काळी तलवारींना धार लागायची, आता विळ्या येतात. नात शहाजादी, सात वर्षांची. जन्मली तीच जांभळाच्या रंगाची. ओठ निळे, नखं निळी. दहा पावलं चालली की मटकन उकिडवी बसते, गुडघे पोटाशी घेते, आणि श्वास जागेवर आला की जणू काही झालंच नाही अशा तोऱ्यात उठते. माझ्या लेकानं, निसारनं, ऐकलं की रंकाळ्याच्या पलीकडे विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर अशा निळ्या पोरांचं काळीज नीट करतात. पोरीच्या आईला, सलमाला, दिवस गेलेत. निसारला धारेचं चाक सोडून येता येत नाही. म्हणून सोबत मी.

जागा झकास आहे. दुमजली बंगला, लाल कौलं, समोर तळ्याचं पाणी. वर आजारी, खाली आम्ही. डॉक्टरांनी माझा धंदा विचारला आणि खूश झाले. त्यांच्या सुऱ्या धारेला लांब पुण्याला पाठवाव्या लागतात. म्हणाले, आजी, सुऱ्यांचं तुम्ही बघा, नातीचं आम्ही बघतो. धोंडुबाई इथली नर्स. बावीस वर्षांची विधवा, इथंच मुलींच्या शाळेत शिकलेली. संध्याकाळी तिला तासभर मोकळीक असते, तेव्हा हे लिहायचं. शहाजादी बरी झाली की शाळेत जाईल, हे वाचेल, आणि म्हातारी किती थापा मारत होती ते मलाच ऐकवेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सोबतीला झुंबरबाई आहे, वारणेच्या काठची, शेतकऱ्याची बायको. तिचा आठ वर्षांचा जोतीरामही निळाच. त्याची चिरफाड परवाच, आम्ही आलो त्या सकाळी झाली आणि तो वर आहे. झुंबरबाई दिवसभर बोलते. गाय, सासू, जाऊ, पुन्हा गाय. सासूपेक्षा गाईचं कौतुक जास्त. मी म्हटलं, गाईला तोंड असून ती बोलत नाही, म्हणून.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. काळजातून फुप्फुसाकडं रक्त जायचं जे दार असतं, ते पोरीचं जन्मतःच अरुंद आहे. बरगड्यांच्या मधून आत जायचं आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या पात्यानं ते दार रुंद करायचं. ते पातं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. टोकाला वाकलेलं, नखासारखं. म्हणाले, याची धार अशी पाहिजे की काळजाला कळता कामा नये. मी म्हटलं, तसंच होईल.

नंतरचे चाळीस दिवस वर कुणी जायचं नाही. बाहेरच्या माणसाच्या अंगावर जंतू असतात. कारबोलिकात भिजवलेली फडकी, उकळलेलं पाणी, बंद खिडक्या. यावर आम्ही कुणी ब्र काढला नाही. बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते, आमच्यात चाळीस दिवस. जिवावरच्या दुखण्यातून उठलेलं माणूस झाकून ठेवायचं, हे आम्हाला शिकवायला विलायत लागत नाही. उलट झुंबरबाई म्हणाली, एवढा शिकला पण माणूस आपल्यातलाच राहिला.

आणि भेटायची सोय आहे. ओसरीच्या भिंतीत दोन पितळी तोंडं बसवली आहेत, कर्ण्यासारखी. त्यांतून रबरी नळी वर जाते आणि वर तिच्या टोकाला पितळी वाटी असते, ती पोराच्या छातीवर. रोज चार वाजता खाली कान लावायचा. झुंबरबाई कान लावते तेव्हा गप्प असते. दिवसात तेवढीच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज शहाजादीची झाली.

काल दिवसभर ते पातं मी दगडावर धरून होते. आधी खरखरीत, मग गुळगुळीत, मग चामड्यावर. केसावर ठेवलं, केस तुटला, हाताला कळलं नाही. सकाळी पोरगी मला म्हणाली, दादी, दुखलं तर तुझं नाव सांगणार. म्हटलं, सांग, माझं नाव सगळीकडं खराबच आहे. मग तिला वर नेली. जिन्यावर सहाव्या पायरीला ती उकिडवी बसली. धोंडुबाईनं उचलली.

बारा वाजता डॉक्टर खाली आले, बाह्या दुमडलेल्या. म्हणाले, दार उघडलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चार वाजता कान लावला. सात वर्षं मी या पोरीला छातीशी घेऊन झोपले आहे. तिच्या काळजाचा आवाज मला पाठ आहे. त्यात एक घुसमट होती, फुटक्या भात्यातून वारा निसटावा तशी. आज ती नाही. धप, धप, स्वच्छ. मी भिंतीपाशी खाली बसले आणि हसत सुटले. झुंबरबाईला वाटलं म्हातारी गेली कामातून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते या बाईला लिहू नको म्हटलं होतं. लिहिलंच तिनं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चार दिवस मी सुखात होते. आता नाही.

झुंबरबाई म्हणाली, माझ्या जोत्याचंही ऐक की एकदा, किती गोड वाजतंय. मी तिच्या नळीला कान लावला, मग माझ्या. मग पुन्हा तिच्या. माझा जन्म चाकाजवळ गेला. चाक फिरताना दगडात कुठे खळगा आहे ते मला डोळे मिटून कळतं, दर फेऱ्याला तो त्याच जागी अडतो. जोतीरामचं काळीज सात ठोके देतं आणि आठवा गाळतं. शहाजादीचंही. एकाच वेळी. दोन पोरं, एक मुलगा, एक मुलगी, एक शेतकऱ्याचं, एक शिकलगाराचं, आणि दोघं एकाच जागी ठेचकाळतात.

डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, आजी, निरोगी काळजं सगळी सारखीच वाजतात, तुम्ही आजवर निरोगी ऐकलंच कुठं होतं. आणि हसून माझ्या खांद्यावर थोपटलं, म्हैस थोपटतात तसं.

मला राग येतो तेव्हा माझे हात थंड पडतात. आज पडले आहेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

धोंडुबाई आता तासभर बसत नाही. अर्धा तास, कधी त्याहून कमी. म्हणते वर काम वाढलंय. तोंड उतरलंय. तिची नखं निळी दिसली तेव्हा मी परवा चिडवलं होतं, की सांगते मी एवढं आणि शाई हिच्याच बोटांना. आज म्हटलं, दाखव, राखेनं घासून देते. तिनं हात ओढून घेतला, मी धरून ठेवला. घासलं. शाई असती तर गेली असती.

मनगट माझ्या हातात होतं. सात. मग गाळलेला. सात. मग गाळलेला.

मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, काय लिहू. म्हटलं, हेच लिही. तुझ्याबद्दल आहे, तुझ्याच हातानं लिही. ती लिहिते आहे. कागदावर थेंब पडले ते पुसू नको म्हटलं आहे.

तिनं सांगितलं ते असं. जोतीराम दुसऱ्याच दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, आईला आता सांगितलं तर बोभाटा होईल आणि पुढची सगळी पोरं निळीच मरतील. रोज चार वाजता तू नळीची वाटी आपल्या छातीला लाव, चाळीस दिवस जाऊ देत, मग सांगू. हिनं लावली. शहाजादी आल्यावर दोन्ही नळ्या एकाच वाटीला जोडल्या.

मी विचारलं, माझी. ती म्हणाली, जिवंत आहे आज्जी, तुमची शपथ. माझी शपथ घेते. माझी उरली किती.

चाळीस दिवस मेलेल्याचेही पाळतात. हे मला त्या दिवशी कसं सुचलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

झुंबरबाईला सांगितलं. सांगायचं कसं ते मला येत नाही, म्हणून सरळ सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, भिंतीपाशी गेली, कान लावला. चार वाजले होते. वर धोंडुबाई बसलेली. झुंबरबाई माझ्याकडं वळून म्हणाली, हे काय वाजतंय मग. ये, ऐक. तुझं पोर बरं होत नाही म्हणून माझं मारतेस व्हय गं.

आणि त्यानंतर बोलली नाही माझ्याशी. गाईबद्दलही नाही. मी तिच्यावर चिडू शकत नाही. सगळा राग एका माणसासाठी ठेवला आहे, त्यातला इकडं तिकडं सांडायचा नाही.

त्या डॉक्टरला मी आजपासून अहोजाहो करणार नाही. तो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज दुपारी, चार वाजायच्या आधी, मी नळीला कान लावून बसले होते. वेळ नव्हती तरी. आतून ठोके येत होते. वेळ नसताना. आणि त्यांच्यामागून शहाजादीचा आवाज, झोपेत बोलल्यासारखा. म्हणाली, कृष्णात, दूध नासलंय, पिऊ नको.

धोंडुबाई खाली आली तेव्हा विचारलं, कृष्णात कोण गं. टाक हातातून पडला. चार वर्षं झाली तिचा नवरा जाऊन. नवऱ्याचं नाव ही कधी घेत नाही, कुणीच घेत नाही, मी माझ्या धन्याचं कबरीपाशीही घेतलं नाही. या बंगल्यात ते नाव कुणाला ठाऊक नाही. आणि नवरा गेला त्या दिवशी दूध खरंच नासलं होतं, त्यातूनच विषबाधा झाली असं तिला वाटतं. हे तिनं कुणाला, आईलाही सांगितलेलं नाही.

आता तिनं उरलेलं सांगितलं. पोरीच्या छातीवरची वाटी कुणी काढली नव्हती. नळी वर फुटते, एक तोंड पोरीकडं, एक हिच्याकडं. शहाजादीच्या चिरफाडीनंतर पहिल्यांदा चार वाजता हिनं आपल्या छातीला वाटी लावली तेव्हा पोरगी राखेसारखी पडली होती. बघता बघता तिचे ओठ लाल झाले. वाटी काढली, पुन्हा निळे. लावली, लाल. त्यानं ते पाहिलं. त्या दिवसापासून तास वाढत गेले. आता ही पहाटेपासून बसते. मला लिहून द्यायला येते तेवढाच वेळ वाटी निघते, तोही त्याला ठाऊक नाही.

म्हणजे मी हिला इथं बसवते तेव्हा वर माझी पोरगी निळी पडते.

आणि वर ही बसते तेव्हा —

थांबते.

रविवार, ३० नोव्हेंबर

मोहरमचा चाँद दिसला. शहरात पंजे बसले असतील. निसार दरसाल सलाम करायला जातो, या वेळी आला तर काय सांगू.

धोंडुबाई जिना उतरताना मध्येच बसली. उकिडवी, गुडघे पोटाशी. मी खालून बघत होते. सात वर्षं ज्या बसण्यावर मी रडले ते मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिलं.

म्हटलं, सोड हे, माहेरी जा. म्हणाली, मी गेले तर ती जाते की आज्जी. आणि मला बरं वाटतं तिच्याजवळ. ती मला त्यांच्या गोष्टी सांगते. त्यांच्या म्हणजे कृष्णातच्या. मी विसरले होते त्या.

हे ऐकून मला भीती वाटली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

आणि खोटं कशाला, माझ्या मनात हेही आलं, की बसू दे. बावीस वर्षांचं काळीज आहे, पोरीला पुरेल. हे लिही. मी तशीही आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

नवं पोर आलं. चार वर्षांचा, निळा, आईच्या कडेवर. आई हरखून बघते आहे, तळं, कौलं. मी आले तेव्हा अशीच दिसले असेन.

त्यानं सगळ्या सुऱ्या माझ्याकडं पाठवल्या. शनिवारी करायचंय म्हणाला. आणि दुसरी नर्स शोधतोय. मोठी, धडधाकट पाहिजे म्हणाला, शेतातली चालेल. झुंबरबाईकडं बघून म्हणाला. तिला म्हणाला, जोतीरामजवळ बसायला वर येशील का. ती उठून उभी राहिली.

मी तिचा पदर धरला. तिनं माझ्या हातावर चापट मारली. पण बसली.

गुरुवार, ४ डिसेंबर

सुऱ्या. एकूण एक.

पातं दगडावर उभं धरायचं आणि त्यानंच ओसरीवर बसवून दिलेलं चाक फिरवायचं. धार यायला दिवस लागतो, जायला दोन फेरे. जन्मात कधी केलं नव्हतं. पहिल्या पात्याला हात अडला. माझा सासरा कबरीत वळला असेल. मग अडला नाही. करवत, कात्री, सगळं. ते गव्हाच्या दाण्याएवढं शेवटी घेतलं. त्यानंच माझ्या पोरीत — त्याची धार मीच — केसावर ठेवून पाहिली होती ना मी.

ते बोथट नाही केलं. दगडाखाली ठेवून ठेचलं.

नव्या पोराच्या आईला म्हटलं, घरी जा, निळा तर निळा, तुझ्याजवळ राहील. ती रडली आणि शिव्या दिल्या. पण संध्याकाळच्या आत बैलगाडी गेली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

धोंडुबाई आली नाही.

(हे मी सहा तारखेला सांगते आहे. काल लिहायला कुणी नव्हतं.) नळीतून ठोके — सात नाहीत आता. पाच. मग गाळलेला. चार. गाळलेला.

शनिवार, ६ डिसेंबर, सकाळ

तो सुऱ्या बघून गेला. घोडागाडी काढून शहरात गेला, दुसऱ्या आणायला. मी जिना चढले. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी, सहाव्या पायरीला मीही टेकले.

खोली उजेडाची. शहाजादी पलंगावर. तिचे ओठ — मी असे ओठ कधी — डाळिंबाच्या दाण्यासारखे. गाल भरलेले. पोरगी बरी आहे. पोरगी सुंदर आहे. मला हे हवं होतं, हेच मागत होते.

खुर्चीत धोंडुबाई. निळी.

मी वाटी तिच्या छातीवरून काढली. शहाजादी राखेसारखी झाली, डोळे पांढरे. मी वाटी माझ्या चोळीत घातली. कातडीला चिकटली, गोचिडासारखी.

धोंडुबाई आता जमिनीवर बसून लिहिते. बोटांना रंग येतोय. म्हटलं, लिही, थांबू नको. मी आहे ती या वहीतच आहे.

ओढ लागते. दुखत नाही. विहिरीत रहाट सोडावा तसं. आत काही उरलं नाही म्हणून ओढणारा थांबत नाही —

पोरीचे ओठ लाल झाले. माझ्या म्हाताऱ्या रक्तावर. बघ.

शहाजादीनं डोळे उघडले. दादी म्हणाली. मी म्हटलं, भूक लागली का. म्हणाली, नाही. म्हणाली, दादी, मला कुणाचा तरी राग येतोय, खूप, कुणाचा ते कळत नाही.

धोंडू, हे लिहिलंस का.

तिचे हात बघ. थंड पडलेत.

घोडागाडी आली. फाटक वाजलं. झुंबरबाई खाली त्याच्याशी बोलते आहे, जोत्या जोत्या — तो जिना चढतो आहे. धोंडू, तू जा, मागच्या दारानं. म्हणते, वही संपल्याशिवाय जाणार नाही. खुळी आहे.

श्वास पुरत नाही. हळू सांगते. हळू लिही.

शहाजादी उठून बसली. पट्ट्या सुटल्या, तिला पर्वा नाही. दाराकडं बघते आहे. सात वर्षांची पोर अशी बघत नाही. म्हणते, येऊ दे त्याला. म्हणते, त्याला विचारायचंय जोत्याला कुठं पुरलं, मग त्याला तिथंच —

धोंडू. हे मी बोलले नाही. हे तिच्या तोंडून आलं. मी नुसतं मनात —